पर्वतीपासून सिंहगडापर्यंत : पुण्यात चढाईची सवय कशी लावावी

पुण्यात अनेकांची सुरुवात चुकते ती एकाच ठिकाणी. पावसाळा लागला की उत्साहाच्या भरात पहिल्याच रविवारी सिंहगड गाठला जातो, पुढचे दोन दिवस पिंडऱ्या इतक्या दुखतात की घराचा जिना उतरणेही नको होते, आणि मग टेकडीचे नाव निघत नाही ते थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत. खरे तर या शहराला सोप्यापासून अवघडापर्यंतच्या चढणी लाभलेल्या आहेत. त्या क्रमाने चढल्या, तर सहा-आठ आठवड्यांत सर्वसाधारण प्रकृतीच्या माणसाला सिंहगड पायी सहज जमतो. हृदयविकार, दमा किंवा गुडघ्याचा जुना त्रास असेल, तर मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पहिले दोन आठवडे पर्वतीला द्यावेत. तिच्या 103 पायऱ्या आहेत. वेग इतकाच ठेवावा की सोबत्याशी बोलताना वाक्य तुटू नये. दम लागून वाक्य तुटले, तर थांबण्याऐवजी वेग कमी करावा. पायऱ्या रुंद असल्यामुळे नकळत दर वेळी एकच पाय वर पडतो आणि सगळा भार त्याच गुडघ्यावर येतो; म्हणून दर आठ-दहा पायऱ्यांनी मुद्दाम पाऊल बदलावे. एक फेरी सहज होऊ लागली की दुसरी वाढवावी.

त्यानंतर वेताळ टेकडी. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीची ही शहरातील सर्वांत उंच टेकडी असून चतुःशृंगी, गोखलेनगर, पाषाणची पंचवटी, कोथरूड अशा अनेक बाजूंनी तिच्यावर जाता येते. पहाटे गेल्यास मोरांचा केकारव कानी पडतो आणि जुन्या दगडखाणीत साठलेल्या पाण्याकाठी पक्षी दिसतात. माझ्या मते सरावासाठी पुण्यात याहून चांगली जागा नाही, कारण येथे पायऱ्या नाहीत, मळलेल्या वाटा आहेत, आणि वाटेवरून चालणे हीच खरी शिकण्याची गोष्ट आहे.

त्यातही शिकायचे ते उतरणे. उन्हाळ्यात या वाटांवर बारीक खडीचा घसारा असतो; बूट पडताच खडे मण्यांसारखे घरंगळतात. अशा वेळी माणूस भीतीने मागे रेलतो आणि नेमका तेव्हाच घसरतो. मीही असाच आपटलो होतो आणि हाताचा तळवा सोलवटून घेतला होता. उतरताना गुडघे किंचित वाकवावेत, शरीराचा भार पायांच्या बरोबर वर ठेवावा, पावले आखूड टाकावीत आणि पूर्ण तळवा टेकवावा. तळाची नक्षी झिजलेले बूट टेकडीवर नेऊ नयेत. वळण टाळण्यासाठी मधूनच सरळ खाली उतरू नये. अशा आडवाटेने गवत मरते आणि पहिल्याच पावसात माती वाहून तेथे घळ पडते. वाळलेल्या गवताच्या दिवसांत तर टेकडीवर काडी ओढूच नये. एका ठिणगीने उतारच्या उतार काळा पडतो, आणि ते पाहताना जीव तुटतो.

वेताळ टेकडीवर तासभर न थकता चालता येऊ लागले की सिंहगडाकडे वळावे. स्वारगेटहून पायथ्याच्या आतकरवाडीपर्यंत पीएमपीची बस जाते. तेथून गडाचा चढ सुमारे 600 मीटरचा आहे. नवख्याने दीड ते दोन तास धरावेत. निघावे पहाटे, कारण वाटेचा बराच भाग उघडा आहे आणि ऊन चढले की पाण्याची गरज दुपटीने वाढते. प्रत्येकी दोन लिटर पाणी, मूठभर चणे-गूळ आणि टोपी एवढे पुरे. वाटेत ताक, लिंबू सरबत मिळते. गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही आहेच, पण भरपेट खाऊन लगेच उतरू नये, अर्धा तास बसावे. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते, त्या दिवसांत रविवारची गर्दी टाळून आठवड्यातला मधला दिवस निवडावा. कड्याच्या टोकाशी उभे राहून छायाचित्र काढू नये.

कात्रज-सिंहगड हा रात्रीचा ट्रेक मात्र घाईने करू नये. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सुरू होणारी ही वाट तेराएक टेकड्या चढत-उतरत जाते, आणि दर चढानंतर लगेच येणारा उतार थकलेल्या गुडघ्यांची परीक्षा पाहतो. सिंहगड लागोपाठ चार-पाच वेळा विनासायास झाल्यावरच, पावसाळा संपल्यानंतरच्या पौर्णिमेला, वाट ठाऊक असलेल्या माणसासोबत जावे. चांदणे असले तरी प्रत्येकाजवळ विजेरी असावी, आणि पाणी घरूनच न्यावे, कारण मधल्या टेकड्यांवर ते मिळेल या भरवशावर राहता येत नाही.