पीएचपी, पायथन की जावास्क्रिप्ट? वेबसाठी भाषा निवडताना या चुका टाळा

वेब डेव्हलपमेंट शिकायला निघालेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, कोणती भाषा घेऊ? माझ्या मते त्याआधी तीन प्रश्न विचारायला हवेत. काय बनवायचंय, ते कुठे चालणार आणि वर्षभरानंतर ते कोण सांभाळणार? हे न विचारता भाषा ठरवली की पुढे कुठे अडतं, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट करायची आहे. वीसेक हजार पुस्तकांची यादी, मराठीतून शोध, सभासदांचं लॉगिन आणि ग्रंथपालांना नवी पुस्तकं भरता येतील असं एक पान.

ब्राउझरची भाषा आपण निवडू शकतो असं समजणं

पायथन घेतली म्हणजे जावास्क्रिप्ट टळली, असं पुष्कळांना वाटतं. पण ब्राउझरला थेट कळणारी प्रोग्रॅमिंगची भाषा एकच, जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये १९९५ साली तिची पहिली आवृत्ती दहा दिवसांत लिहिली आणि ती कायम राहिली. वेबअसेम्ब्ली या तंत्रामुळे इतर भाषांतला कोडही आता ब्राउझरमध्ये चालतो, पण याद्या आणि फॉर्म असलेल्या साइटला त्याची गरज पडत नाही. म्हणजे निवड करायची ती सर्व्हरवरच्या भाषेची. एचटीएमएल, सीएसएस आणि थोडी जावास्क्रिप्ट सगळ्यांनाच लागते. हा पाया कच्चा ठेवून जँगो (पायथनचं) किंवा लाराव्हेल (पीएचपीचं) हे तयार सांगाडे, म्हणजे फ्रेमवर्क, सुरू केलं, तर फॉर्ममधली माहिती सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही की पोचून नाकारली गेली, एवढंही ओळखता येत नाही.

होस्टिंगचा विचार शेवटी करणं

छोट्या संस्थांचं सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होतं. लॅपटॉपवर सगळं छान चालतं आणि साइट चढवायच्या दिवशी कळतं की संस्थेकडे साधं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक साइट्सनी मिळून वापरायचा भाड्याचा सर्व्हर, आहे. तिथे पीएचपी आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस बहुधा तयारच असतं, फाइली चढवल्या की काम झालं. नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं) किंवा जँगोचं तसं नसतं. त्यांचा प्रोग्रॅम सर्व्हरवर सतत चालू राहावा लागतो.

याचं नेहमीचं लक्षण म्हणजे टर्मिनल उघडा असेपर्यंत साइट चालते आणि तो बंद केला की ‘५०२ बॅड गेटवे’ दिसतं. पुढे उभा असलेला एनजिनएक्स, म्हणजे येणाऱ्या रिक्वेस्ट आपल्या प्रोग्रॅमकडे पोचवणारा वेब सर्व्हर, जिवंत आहे, पण मागचा आपला प्रोग्रॅम बंद पडलाय, एवढाच त्याचा अर्थ. आधी एनजिनएक्सचा एरर लॉग पाहा, पोर्ट बरोबर आहे का तपासा आणि प्रोग्रॅम सिस्टमडी किंवा पीएमटू या प्रोग्रॅम चालू ठेवणाऱ्या साधनांच्या ताब्यात द्या, म्हणजे तो पडला तरी आपोआप उठेल. पण मग त्या सर्व्हरचे अपडेट, सर्टिफिकेट आणि बॅकअप कोण बघणार? वाचनालयात असा माणूस नसतो. म्हणून या कामाला मी बेधडक पीएचपी घेईन. तिथे प्रत्येक रिक्वेस्टचं काम स्वतंत्रपणे सुरू होऊन संपतं, त्यामुळे एका पानाच्या चुकीने बहुतेक वेळा बाकीची साइट खाली येत नाही. याउलट हजारो जण एकाच वेळी जोडलेले राहतील असं चॅट करायचं असेल, तर नोड तिथे शोभतं. २००९ मध्ये ते आलंच मुळी अशा कामाची सोय घेऊन.

साइट मंद आहे म्हणून भाषेला दोष देणं

पुस्तकांची यादी उघडायला सहा सेकंद लागले की कुणीतरी म्हणतं, ‘पायथन स्लो आहे, गो या भाषेत लिहू.’ एक ओळही बदलण्याआधी ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून नेटवर्कचा टॅब उघडा. वेळ कशात गेला ते तिथे स्वच्छ दिसतं. मुखपृष्ठांचे फोटो तीन-तीन एमबीचे असतील, तर सर्व्हरच्या भाषेचा त्यात काहीही संबंध नाही. फोटो लहान करा.

सर्व्हरच्या उत्तराचीच वाट पाहावी लागत असेल, तर डेटाबेसच्या क्वेऱ्या, म्हणजे त्याला केलेल्या विचारणा, मोजा. हमखास सापडणारी गडबड अशी, की ५० पुस्तकं एका क्वेरीने आणली आणि मग प्रत्येकाच्या लेखकासाठी वेगळी क्वेरी मारली. एका पानाला ५१ क्वेऱ्या! जँगोत सिलेक्ट-रिलेटेड, रेल्समध्ये (रूबी भाषेचं फ्रेमवर्क) इन्क्लूड्स आणि लाराव्हेलमध्ये विथ वापरलं की त्या एक-दोनवर येतात. त्यानंतर एक्स्प्लेन ही आज्ञा लावून इंडेक्स, म्हणजे झटपट शोधासाठी डेटाबेसने ठेवलेली सूची, वापरला जातोय का पाहा. एसक्यूएलमधल्या ‘लाइक’च्या शोधात शब्दाआधीच टक्क्याचं चिन्ह दिलं असेल, तर साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही, फुल-टेक्स्ट इंडेक्स लागतो. हे न करता गो आणली तरी त्या ५१ क्वेऱ्या तशाच राहतील.

विकिपीडिया पीएचपीवर चालतो, इन्स्टाग्राम जँगोवर वाढलं, गिटहब रेल्सवर. भाषेच्या वेगाची मर्यादा फेसबुकला खरोखर जाणवली, तेव्हाही त्यांनी आपला प्रचंड पीएचपी कोड फेकला नाही. तो वेगाने चालवणारं एचएचव्हीएम बनवलं आणि २०१४ मध्ये पीएचपीतूनच पुढे नेलेली हॅक ही भाषा आणली.

मराठी मजकुराची परीक्षाच न घेणं

इंग्रजी नमुन्यावर सगळं तपासायचं आणि मराठी माहिती थेट ग्राहकासमोर भरायची, ही सवय मोडायलाच हवी. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पीएचपीचं स्ट्रलेन हे फंक्शन १५ सांगतं, कारण ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. पायथन ३ आणि जावास्क्रिप्ट ५ सांगतात, कारण तिथे काना आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. वाचणाऱ्याला मात्र अक्षरं तीनच दिसतात. पुस्तकाचं नाव ठरावीक लांबीवर कापलं आणि शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह आलं, तर अक्षर मधोमध कापलं गेलंय. पीएचपीत ‘एमबी’ने सुरू होणारी फंक्शनं वापरली की ते थांबतं. वेलांटीसुद्धा तुटू नये यासाठी ‘ग्राफीम’ने सुरू होणारी वापरा. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी इंटल या अंगभूत भागातला सेगमेंटर आहे.

मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हंच दिसत असतील, तर बहुधा टेबल लॅटिन-१ या देवनागरी न मावणाऱ्या जुन्या पद्धतीत आहे. मायएसक्यूएलमध्ये ८.० आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, न सांगता तेच मिळायचं. टेबल आणि कनेक्शन दोन्ही यूटीएफ-८-एमबी-४ करा. प्रश्नचिन्हं होऊन साठलेला मजकूर मात्र परत येत नाही, तो बॅकअपमधून आणावा लागतो किंवा पुन्हा भरावा लागतो.

क्रमवारीही बघा. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत ह नंतर. त्यामुळे साध्या सॉर्टमध्ये ‘काळ’ आधी आणि ‘कावळा’ नंतर लागतो. ग्रंथपालांना हे पहिल्याच पानावर खटकेल, आणि त्यांचं बरोबर असेल. मराठीचा नियम असलेलं कोलेशन, म्हणजे क्रम ठरवणारी नियमावली, वापरा.

जुन्या धड्यांवरून आणि जुन्या मतांवरून ठरवणं

‘मायएसक्यूएल-कनेक्ट हे फंक्शन सापडत नाही’ अशी तक्रार आली, तर तुमचा धडा २०१५ च्या आधीचा आहे. पीएचपी ७ मध्ये ती जुनी फंक्शनं काढून टाकली. डेटाबेसशी जोडण्यासाठी तिथे आता पीडीओ वापरतात. पायथनमध्ये प्रिंटला कंस नाही म्हणून एरर आली, तर धडा पायथन २ चा आहे आणि तिचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. ‘पीएचपी मेली’ हे मतही असंच जुनं. ते मांडणाऱ्याला पीएचपी ८ मध्ये काय बदललं, ते विचारून पाहा.

नोकरीसाठी भाषा ऐकीव माहितीवर निवडणं

मित्र म्हणाला म्हणून रस्ट ही भाषा घेतली आणि अर्ज करायचे आहेत पुण्यातल्या मोठ्या सेवा कंपन्यांत, तर जुळत नाही. तिथे जावा आणि डॉटनेटचं काम भरपूर असतं. ज्या कंपन्यांत जायचंय त्यांच्या आत्ताच्या जाहिराती वाचा आणि एक भाषा घेऊन तिच्यात लॉगिनपासून होस्टिंगपर्यंत एक काम पूर्ण करा. एचटीटीपी, सेशन, एसक्यूएल आणि गिट हे त्यात शिकलात, की दुसऱ्या भाषेतही तेच कामाला येतं.

चूक कळल्यावर सगळं पुन्हा लिहायला घेणं

निवड खरोखर चुकली असेल, तरी चालू साइट बंद करू नका. डेटाबेस आहे तसा ठेवा. जो भाग अडतोय, समजा पुस्तकांचा शोध, तेवढाच नव्या भाषेत लिहा आणि एनजिनएक्समधून फक्त त्या पत्त्याच्या रिक्वेस्ट तिकडे वळवा. महिनाभर दोन्हीकडचे लॉग पाहा. नवा भाग नीट चालला की पुढचं पान घ्या. बिघडलं, तर एनजिनएक्समधली तेवढी ओळ पूर्ववत करून तो रीलोड करा, जुना शोध लगेच सुरू होईल.