औद्योगिक कॅमेऱ्यातून कमाल फ्रेम रेट कसा मिळवावा

गोव्यातल्या वेर्णा किंवा कुंडई औद्योगिक वसाहतीत पॅकिंग लाइनवर बाटल्यांची झाकणे व लेबले तपासण्यासाठी कॅमेरा बसवला, की माहितीपत्रकातला फ्रेम रेट (सेकंदाला मिळणाऱ्या चित्रांची संख्या) प्रत्यक्षात मिळत नाही, अशी तक्रार हमखास येते. अशा वेळी सगळी सेटिंग एकदम बदलू नयेत. एक्स्पोजर (एका चित्रासाठी प्रकाश घेण्याचा वेळ), सेन्सरचे म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचे वाचन, केबल आणि संगणक या चार टप्प्यांपैकी जो सर्वांत मंद असतो, तोच अंतिम वेग ठरवतो, म्हणून आधी तो शोधावा. त्याहीपूर्वी सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेटची मर्यादा चालू राहिलेली नाही ना आणि कॅमेरा बाहेरच्या ट्रिगरची (चित्र घेण्याच्या इशाऱ्याची) वाट पाहत नाही ना, हे तपासावे.

एक्स्पोजरचा हिशेब सोपा आहे. तो २० मिलिसेकंद असेल, तर सेकंदाला ५० पेक्षा जास्त चित्रे मिळणे शक्य नाही. ऑटो एक्स्पोजर बंद करून तो २ मिलिसेकंदांवर आणावा आणि कमी पडलेला उजेड एलईडी दिव्यांनी भरून काढावा. गेन (सिग्नलची इलेक्ट्रॉनिक वाढ) वाढवण्याची वाट मी टाळतो, कारण तिने चित्रात नॉइज वाढतो आणि लेबलवरची बारीक अक्षरे वाचणे कठीण होते. कमी एक्स्पोजरचा आणखी एक लाभ आहे: पट्टा सेकंदाला ५०० मिलिमीटर सरकत असेल, तर २ मिलिसेकंदांत बाटली १ मिलिमीटरच पुढे जाते.

केबलचा टप्पा मात्र सर्वाधिक फसवतो. १९२० गुणिले १२०० पिक्सेलचे ८ बिटांचे एकरंगी चित्र सुमारे २.३ मेगाबाइटचे असते. एक गिगाबिटच्या इथरनेटवर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११५ मेगाबाइट जातात, म्हणजे ५० चित्रे. तेच चित्र प्रत्येक पिक्सेलला १६ बिट खर्च करणाऱ्या फॉरमॅटमध्ये पाठवले तर वेग निम्मा होतो, आणि आरजीबीत (प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन रंग, २४ बिट) पाठवले तर जेमतेम १६ चित्रे उरतात. म्हणून मोनो ८ (८ बिटांचे एकरंगी), किंवा रंगीत कॅमेऱ्यात बायर ८ (प्रत्येक पिक्सेलला एकाच रंगाचे ८ बिट) हे फॉरमॅट निवडून रंग संगणकावर तयार करावेत. नेटवर्क कार्डावर सुमारे ९००० बाइटची जम्बो पॅकेट (डेटाचे नेहमीपेक्षा मोठे तुकडे) चालू करावीत आणि कॅमेऱ्याला वेगळा पोर्ट द्यावा. एकाच स्विचमधून दोन कॅमेरे एकाच पोर्टवर आणले, तर बँडविड्थ वाटली जाते. यूएसबी ३ ला वाव अधिक आहे, पण तिथेही हब टाळावा.

सर्वांत मोठा फायदा चित्राचे क्षेत्र कमी करण्यात आहे. झाकण चित्राच्या वरच्या ४०० ओळींतच दिसत असेल, तर उरलेल्या ८०० ओळी वाचण्याची गरज काय? सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे उंची घटवली की वाचन आणि केबल दोन्हींवरचा भार हलका होतो. रुंदी घटवण्याने बहुतेक सीमॉस (आजच्या कॅमेऱ्यांतल्या प्रचलित प्रकारच्या) सेन्सरचे वाचन वेगवान होत नाही, केवळ केबलवरचा भार कमी होतो. त्यामुळे कॅमेरा आडवा की उभा बसवायचा, हे आधीच ठरवावे.

एवढे करूनही फ्रेम गळत असतील, तर संगणक पाहावा. चित्रे साठवणारी डिस्क सेकंदाला येणारा डेटा लिहू शकते का, आणि प्रक्रियेचा धागा (थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधले स्वतंत्रपणे चालणारे काम) चित्र उचलण्याच्या धाग्याला अडवत नाही ना, हे मोजावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेने कनेक्टरच्या पिनांवर गंज चढतो, पॅकेट हरवतात आणि पुन्हा मागवावी लागतात. म्हणून पॅकेट पुन्हा मागवल्याची संख्या दर आठवड्याला नोंदवावी, आणि ती वाढू लागली की सर्वप्रथम केबल बदलून पाहावी.