आधी बेल्ट, मग डायनामो

जून-जुलैची मासेमारी बंदी लागली की गोव्यातल्या मालिमच्या धक्क्यावर ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे राहतात आणि माझं, बोटींच्या इंजिन-मेकॅनिकचं, काम सुरू होतं. गेल्या काही वर्षांत एक मागणी वाढलीय. "मेस्त, डायनामो मोठा घाल." जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस, डेकवरचे दिवे, बिल्जचे (बोटीच्या तळात साठलेलं पाणी उपसणारे) पंप, शिवाय पर्यटकांच्या बोटीवर फ्रिज आणि गाणी. इंजिनासोबत आलेला ५०-६० अँपिअरचा ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणारा, ज्याला आम्ही डायनामोच म्हणतो, तो एवढं सगळं पेलत नाही. मग पात्रांव (बोटीचा मालक) बाजारातून शंभरचा, कधी १२० चा ऑल्टरनेटर आणतो आणि माझ्यासमोर ठेवतो.

मी खोका उघडायच्या आधी इंजिनाच्या तोंडाशी बसून बेल्ट बघतो. डायनामो फुकट फिरत नाही. १४.२ व्होल्टला १०० अँपिअर म्हणजे १४२० वॉट. ऑल्टरनेटर इंजिनाकडून घेतलेल्या ताकदीतली साधारण अर्धी वीज करतो, उरलेली उष्णता होऊन जाते. म्हणजे अडीच किलोवॉटच्या वर, साडेतीन हॉर्सपॉवर तरी, त्या एका रबरी पट्ट्यातून जायला हवेत. तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो.

तेरा मिलिमीटर रुंदीचा एकच व्ही बेल्ट (पुलीच्या व्ही आकाराच्या खाचेत बसणारा) असेल तर माझा आकडा ७५-८० अँपिअरला थांबतो. दहा मिलिमीटरचा असेल तर त्याच्याही खाली. त्यापुढे दोन रस्ते आहेत. एक, जोडीचे व्ही बेल्ट, म्हणजे प्रत्येक पुलीला दोन खाचा. दोन, बारीक खाचांचा चपटा बेल्ट, गाडीत येतो तो. त्यावर ६पीके१२०० असं काही छापलेलं असतं: सहा दाते, लांबी १२०० मिलिमीटर. जोडीचे बेल्ट घेतलेत तर एकाच लॉटची जोडी घ्या आणि दोन्ही एकदम बदला. नवा-जुना एकत्र घातला की सगळा भार नव्यावरच येतो.

चपटा बेल्ट मला जास्त आवडतो. वाकतो चांगला, छोट्या पुलीलाही धरून राहतो. पण त्यासाठी क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा), पाण्याचा पंप आणि ऑल्टरनेटर अशा तिन्ही पुल्या बदलाव्या लागतात. तुमच्या इंजिनासाठी तयार किट मिळत असेल तर पैसे त्यातच घाला. नसेल तर म्हापशाला किंवा वास्कोला चांगला टर्नर गाठा. एक गोष्ट मात्र सांभाळा. क्रँकच्या पुलीत आतला आणि बाहेरचा गोल यांच्यामध्ये रबराचा थर दिसला, तर तो डँपर आहे, क्रँकशाफ्टची पिळवटणारी थरथर मारतो. ती पुली काढून टाकायची नाही, लेथवरही चढवायची नाही. तिच्या पुढे नवी पुली बोल्टने जोडता येते का, ते बघायचं.

आता पुलीचं गणित. क्रँकची पुली १४० मिलिमीटर आणि ऑल्टरनेटरची ६० असेल, तर गुणोत्तर २.३३. इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर घुरघुरत असताना ऑल्टरनेटर १७५० फेरे घेतो, तेवढ्यात फारसं काही निघत नाही. १८०० वर चाललात की तो ४२०० ला पोचतो, तिथे खरं काम होतं. जाळं ओढताना किंवा गळ टाकून संथ चालताना जास्त वीज हवी असेल तर ऑल्टरनेटरची पुली लहान करावीशी वाटते. पण पुली जितकी लहान तितका बेल्ट तिला कमी कवेत घेतो आणि घसरतो. म्हणून मी ऑल्टरनेटरसोबत आलेल्या कागदावरचा वेगाप्रमाणे अँपिअरचा आलेख आधी बघतो. तसा कागद देत नसेल तर तो ऑल्टरनेटर मी घेत नाही, स्वस्त असला तरी.

आणि खोक्यावरचा १०० हा थंड ऑल्टरनेटरचा असतो. आमच्या इंजिन रूममध्ये, वर ऊन आणि खाली डिझेल इंजिन, तो आकडा बराच खाली येतो. मी चौथा हिस्सा वजा धरूनच बोलतो.

बॅटरीचंही ऐकून घ्या. साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या आपल्या क्षमतेच्या २०-२५ टक्क्यांपेक्षा जास्त करंट पोटात घेत नाहीत. २०० अँपिअर-तासांचा संच असेल तर चार्जिंगला ५० अँपिअर पुरतात, त्यावर दिवे-फ्रिजचा चालू खर्च मिळवा. एकच शंभरची बॅटरी ठेवून शंभरचा डायनामो घालणं म्हणजे पिंपाला घागरभर तोंड आणि नळ धरणाचा. लिथियमचं उलट आहे. ती मिळेल तेवढं ओढत राहते आणि ऑल्टरनेटर तासन्‌तास पूर्ण भाराखाली भाजून निघतो. शिवाय तिच्या आतल्या सर्किटने मध्येच चार्जिंग तोडलं तर व्होल्टेज उसळून ऑल्टरनेटरमधले डायोड जातात. लिथियम असेल तर तापमानाचा सेन्सर असलेला बाहेरचा रेग्युलेटर (ऑल्टरनेटरला आवरणारा) लावा. किंवा ऑल्टरनेटरला स्टार्टिंगच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवरच ठेवा आणि लिथियमला मधल्या डीसी-डीसी चार्जरने भरा. छोट्या बोटीला मी दुसरा मार्ग सुचवतो.

कोणी एलईडीच्या झोताखाली मासे धरायला डायनामो मागत आला, तर मी पाना उचलत नाही. २०१७ पासून त्यावर बंदी आहे, आणि समुद्रात मासे उरले तर माझंही काम उरेल.

प्रत्यक्ष काम त्या मानाने सोपं. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. मागच्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढा: बॅटरीकडे जाणारी जाड बी प्लस, चार्जिंगच्या दिव्याची बारीक डी प्लस आणि आरपीएम मीटरला जाणारी डब्ल्यू. जुना उतरवलात की नव्याचे कान जुन्याशी ताडून बघा. एक कान की दोन, बोल्टचं भोक केवढं, पायाची रुंदी किती. नवा वजनाने जड असतो, त्यामुळे बेल्टचा ताण धरणारी मूळची पातळ, खाचेची पट्टी त्याला थरथरू देते आणि काही महिन्यांत तडकते. मी आठ-दहा मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट करून घेतो. ताण द्यायला जमलं तर स्क्रूचा अ‍ॅडजस्टर, पहारीने ढकलायची गरजच पडत नाही. पहार लावावीच लागली तर पुलीकडच्या कवचाला टेकवा, मधल्या पत्र्यांच्या थराला नाही.

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या: पुल्या एका रेषेत आणा. क्रँक आणि पंपाच्या पुलीवर सरळ स्टीलची पट्टी धरा आणि ऑल्टरनेटरची पुली तिला टेकते का बघा. एका फुटाला एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक मी सोडत नाही. वॉशर घालून पुढे-मागे करा. पुली तिरकी दिसत असेल तर वॉशरने भागत नाही, ब्रॅकेटच दुरुस्त करावा लागतो. बेल्टखाली काळी पूड साठलेली दिसली तर लोक बेल्टला शिव्या देतात, पण बहुतेक वेळा पुली वाकडी असते, गंजलेली असते किंवा बेल्ट ढिला असतो.

व्ही बेल्टचा ताण: सर्वांत लांब मोकळ्या भागात अंगठ्याने जोरात दाबल्यावर दहा मिलिमीटर आत जायला हवा. त्याहून घट्ट आवळला तर पाण्याच्या पंपाचं बेअरिंग पहिलं बोंबलतं. चपट्या बेल्टला स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर ही काळजी नाही.

जुनी केबल ठेवू नका. बी प्लसपासून बॅटरी तीन मीटरवर असेल तर १०० अँपिअरला ३५ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्येसुद्धा जाऊन-येऊन ०.३ व्होल्ट गळतात. मी ५० ची घालतो, कथील चढवलेल्या तांब्याची. खारी हवा साधं तांबं आतून हिरवं करत जाते. केबलच्या टोकाला लग (बोल्टचं कडं) दाबून बसवून वर गोंदवाली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), आणि बॅटरीजवळ १५० चा फ्यूज. निगेटिव्हची केबलही तेवढीच जाड हवी, हे विसरलं जातं. बोट लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची असेल तर अंगाला अर्थिंग न होणारा, वेगळ्या निगेटिव्हचा ऑल्टरनेटर मागा.

डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा बदलून एलईडी घालू नका. त्या जुन्या बल्बमधून जाणाऱ्या करंटनेच ऑल्टरनेटर जागा होतो.

इंजिन सुरू करून मल्टिमीटर थेट बॅटरीच्या टोकांवर लावा. १३.८ ते १४.४ दिसायला हवं. मग सगळे दिवे-पंप चालू करा आणि १८०० वर अर्धा तास चालवा. बंद केल्यावर ऑल्टरनेटरची पुली हात लावता येणार नाही इतकी तापली असेल तर बेल्ट घसरतोय. इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच फिरवायचा नाही, डायोड जागच्या जागी जातात. हे खलाशांना तोंडी सांगून ठेवा आणि स्विचवर लिहूनही ठेवा. आणि ऑल्टरनेटरची पुली बदलली असेल तर आरपीएम मीटर आता खोटं सांगणार. मागचा स्क्रू फिरवून ते पुन्हा जुळवा.

पहिल्या काही तासांत नवा बेल्ट ताणला जातो, तेव्हा पहिल्या फेरीनंतर ताण पुन्हा बघा. एक बेल्ट जादा ठेवा, त्याच मापाचा. जुना डायनामो भंगारात देऊ नका. जुना बेल्ट आणि मूळच्या पुल्याही त्याच्यासोबत कोरड्या डब्यात बांधून बोटीवरच ठेवा, कारण नवा शंभरचा दर्यावर बंद पडला तर दुकान दूर असतं.