मशीन पाणी घेतच राहते? सेन्सर विकत आणायच्या आधी हे वाचा

टॉपलोड फुल ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनबद्दल सांगून राहिलो. सेमीवाल्या मशिनीत नळ आपणच सुरू-बंद करतो, तिथं पाणी सांडलं तर दोष मशीनचा नाही, हातातल्या मोबाईलचा.

पाणी फरशीवर आलं असेल तर ओल्यात पाय न देता आधी मेन बंद करा, मग प्लग काढा. नळ मात्र लगेच बंद करू नका, कारण अर्धा निकाल इथंच लागतो. प्लग काढल्यावरही आत धार पडतच असेल तर गडबड इनलेट वॉलमध्ये (नळाचं पाणी आत सोडणारा, करंटवर उघडणारा व्हॉल्व्ह), करंट नसताना तो बंदच पाहिजे. प्लग काढताच धार थांबली तर वॉल ठणठणीत आहे, मशीनलेच कळून नाही राहिलं की टब भरला. इतकी साधी गोष्ट, पण लोक ती न पाहता डायरेक्ट म्हणतात कार्ड, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेलं.

वॉलचं काम सोपं आहे. नळ बंद करून पाइप सोडा, तोंडाशी बारीक जाळी असते ती पक्कडीनं ओढा, जुन्या ब्रशनं घासा, क्षार बसला असेल तर निंबूसताच्या पाण्यात घंटाभर ठेवा. तरी धार येत असेल तर आतलं रबर गेलं, वॉल बदला, ते रबर दुरुस्त करत बसू नका. आणखी एक, टाकी मशीनच्या अगदी डोक्यावर, हातभर उंचीवर असेल तर नवा वॉलही नीट मिटत नाही, कारण पाण्याच्या दाबानंच तो घट्ट बसतो. बऱ्याच मशिनींना कमीत कमी ०.३ बार दाब लागतो, म्हणजे पाणी मशीनपेक्षा साधारण ३ मीटर वर पाहिजे. तेवढी उंची नसेल तर कमी दाबाचा वॉल मागा, वेगळा मिळतो.

आता खरी डोकेदुखी, हवेची नळी.

टबात फ्लोट-बिट काही नसतो. बाहेरच्या टबाच्या बुडाशी एक छोटी डबी असते, तिथून पेन्सिलीएवढी नळी वर पॅनलमधल्या प्रेशर सेन्सरपर्यंत जाते. नळीत पाणी नाही, हवा असते. टबात पाणी चढलं की डबीतली हवा दबते, तो दाब वर सेन्सरले लागतो आणि मशीन समजते की बस झालं. म्हणजे नळी सुटली, फाटली, चोंदली की दाब वर जातच नाही, मशीनच्या हिशोबानं टब रिकामाच, आणि ती भरत राहते, भरत राहते, अंगणापर्यंत.

आमच्या घरी ही नळी उंदरानं कुरतडली होती. मी टोक कापून परत बसवली, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, मशीन सुरू केली तर पुन्हा पाणी काठोकाठ. मग दर्यापूरला जाऊन नवा सेन्सर आणला, लावला, तरी तेच. दोन दिवस डोकं खाजवलं, कार्डाची किंमतही विचारून आलो. तिसऱ्या दिवशी माय वैतागली, म्हणे "अरे बावा, पयले ते पानी तर काढ, दोन दिसापासून लुगडे सडून रायले." मी टब पूर्ण रिकामा केला, कपडे काढले, सहज म्हणून नळी एकदा काढून परत दाबून बसवली, सुरू केली, आणि मशीन बरोबर लेव्हलवर थांबली.

चूक माझीच होती. भरल्या टबात नळी उघडी केली की डबीतली हवा निघून जाते आणि पाणी डबीत चढते. तसंच वर टोक जोडलं तर दबायला हवाच उरलेली नसते, सेन्सर त्या भरलेल्या पाण्यालेच शून्य समजतो. म्हणून नळी कधीही टब पूर्ण रिकामा करूनच जोडायची. अर्धा नाही, पूर्ण. जुना सेन्सर चांगलाच होता, अजून कपाटात पडून आहे.

तर करायचं असं. ड्रेन करून टब खाली करा, प्लग काढा, पॅनलचे मागचे स्क्रू खोलून नळी सेन्सरवरून काढा. सेन्सरमध्ये तोंडानं फुंकू नका, युट्यूबवर किती जण करून राहिले तरी, आतली पातळ चकती फाटू शकते. फुंकायचं ते नळीत, खालच्या दिशेनं. हवा सहज गेली तर रस्ता मोकळा. अडली तर डबीत साबणाचा गाळ बसला आहे. आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, हे ठरलेलंच, फेस येत नाही म्हणून बायाबापड्या दुप्पट पावडर टाकतात आणि तीच खाली जाऊन चिखल होते. सिरिंजनं कोमट पाणी चार-पाच वेळा सोडा, नंतर फुंकून नळी कोरडी करा, आत पाण्याचा एक थेंब अडकला तरी दाब चुकतो.

फट दिसत नसेल तर सायकलच्या ट्यूबसारखं करा, नळी पूर्ण काढून बादलीत बुडवा, एक टोक अंगठ्यानं दाबून दुसरीकडून फुंका. बुडबुडा आला तर नळी बदला. टेप गुंडाळलेली नळी धुण्याच्या हादऱ्यानं आठ दिवसांत सुटते. नवी बसवताना तिला झोळ पडू देऊ नका आणि टबाला घासू देऊ नका.

एवढं करूनही थांबली नाही तर मग सेन्सर बदला. आणि मशीन बटनानं बंद असताना, फक्त प्लग लावल्याबरोबर पाणी सुरू होत असेल तर बहुतेक कार्डच आहे, ते घरी उघडू नका. मिस्त्री बोलवा, पण त्यानं भरल्या टबात नळी काढली तर तिथंच त्याचा हात धरा.