किनाऱ्यावर रसद उतरवताना या चुका टाळा: ग्वाडलकॅनल, १९४२

७ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकी मरीन (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारे सैनिक) प्रशांत महासागरातल्या जपानच्या ताब्यातील ग्वाडलकॅनल बेटावर उतरले. किनाऱ्यावर प्रतिकार जवळजवळ नव्हताच, तरी संध्याकाळपर्यंत माल उतरवण्याचं काम ठप्प झालं. युद्धाच्या इतिहासात लढाया सगळे वाचतात, हमाली कुणी वाचत नाही. म्हणून हे सविस्तर.

जहाज भरतानाची चूक. काही जहाजं व्यापारी पद्धतीने, जागा वाचवून भरलेली होती. युद्धात उलट हिशेब हवा: आधी लागणारा दारूगोळा, अन्न, औषधं सगळ्यात वर. त्यामुळे जुलैत न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या धक्क्यावर सगळं उपसून पुन्हा भरावं लागलं. धो धो पावसात पुठ्ठ्याची खोकी भिजून फुटली. घाईत ९० दिवसांची रसद ६० वर आणली.

हात कमी पडण्याची चूक. माझ्या मते खरा घोटाळा इथेच. लढणारे सैनिक आत जंगलात गेले आणि माल उचलायला काहीशे माणसं उरली. रात्रीपर्यंत शंभराच्या आसपास होड्या वाळूवर अडकल्या, आणखी कित्येक बाहेर ताटकळत होत्या. काही होड्यांना पुढचा उघडणारा दरवाजा नव्हता, एकेक पेटी काठावरून उचलून काढावी लागे. उपाय साधा आहे: माल वाहणारी तुकडी वेगळी नेमा, तिला दुसरं काम सांगू नका आणि साठ्याच्या जागा पाण्यापासून दूर, आधीच आखून ठेवा.

वेळ मिळेलच, असं धरू नका. अमेरिकी अ‍ॅडमिरल फ्लेचरने विमानवाहू नौका मागे घेतल्या. ८-९ ऑगस्टच्या रात्री जवळच्या साव्हो बेटापाशी जपान्यांनी मित्रराष्ट्रांच्या चार क्रूझर (मोठ्या युद्धनौका) बुडवल्या. ९ तारखेला, सैन्य उतरवणाऱ्या ताफ्याचा प्रमुख टर्नर याची जहाजं निम्म्याहून अधिक रसद पोटात घेऊन निघून गेली. मरीन दोन वेळच्या जेवणावर आले, त्यातही जपान्यांचा हाती लागलेला तांदूळ.

जपान्यांनाही तेच भोवलं. विमानांच्या भीतीने त्यांची जहाजं रात्री येत आणि पिंपांत रसद भरून, दोरीने बांधून समुद्रात सोडत. ३ डिसेंबरला जपानी अ‍ॅडमिरल तनाकाने सुमारे १५०० पिंपं सोडली. किनाऱ्यावरच्या उपाशी, तापाने खंगलेल्या सैनिकांना त्यातली तीनशेच्या आसपासच ओढता आली. बाकीची सकाळी अमेरिकी विमानांनी गोळ्या झाडून बुडवली.