फोर-व्हीलचा दिवा लागतो, पण पुढची चाकं ढिम्म

माझी एसयूव्ही २००७ ची, डिझेल. गेल्या पावसाळ्यात भोरजवळ शेताच्या वाटेवर चिखलात रुतली. स्विच ४एचवर (चारही चाकांना इंजिनची ताकद देणाऱ्या फोर-व्हीलवर) फिरवला, डॅशबोर्डवर दिवाही लागला, पण मागची चाकं नुसती चिखल उडवत राहिली. शेवटी शेजारच्यांच्या ट्रॅक्टरने ओढून काढली.

गॅरेजवाला बघताक्षणी म्हणाला, "ट्रान्सफर केस उघडावी लागेल." म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा गिअरचा डबा. आकडा ऐकून मी गाडी घरी आणली.

मागच्या चाकांखाली दगड लावले, हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रल. पुढचं एक चाक जॅकवर उचलून खाली स्टँड दिला. इंजिन चालू ठेवून ४एच लावलं आणि चाक हाताने फिरवलं. चाक मोकळं फिरलं, त्याला ताकद देणारा आतला शाफ्ट जागचा हलेना. म्हणजे चाकाला शाफ्टशी जोडणारा हबच लॉक होत नव्हता. माझ्या गाडीत हब व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) लॉक होतात, तो व्हॅक्यूम अल्टरनेटरच्या मागच्या पंपातून येतो. सोलेनॉइडपाशी (ही ओढ चालू-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हपाशी) नळी काढून अंगठा लावला, ओढ चांगली होती. हबकडच्या टोकाला मात्र काहीच नाही. बॅटरीखालच्या वळणावर रबरी नळी उंदराने कुरतडलेली! (या प्राण्याने याआधी वायपरची नळीही खाल्ली होती.)

दोन मीटर व्हॅक्यूमची नळी आणली, साधी पेट्रोलची नव्हे, ती ओढीने चपटी होते. बदलल्यावर चाक हाताने हलेना, म्हणजे हब लॉक झाला.

ब्रेक हलका करणारा बूस्टरही त्याच पंपावर चालतो, त्यामुळे नळीचं तोंड उघडं ठेवून गाडी रस्त्यावर काढू नका. आणि चाचणी मातीतच घ्या, कोरड्या डांबरावर ४एच लावून वळलात तर शाफ्ट आणि गिअरवर ताण येऊन ४एच अडकून बसू शकतं.