बाग, पॅकहाउस, विक्री: टोळ्यांचं आपसांत जमत नसेल तर या चुका टाळा

एप्रिलच्या शेवटी रत्नागिरी-देवगड पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या आंबा व्यवसायात गेलात तर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आमचं काम आम्ही केलं, पुढचं त्यांना विचारा." बागेवाले म्हणतात, फळ वेळेत उतरवलं. पॅकहाउस, म्हणजे फळ निवडून पेट्या भरतात ती जागा, म्हणतं, डागी आलं. विक्रीवाले म्हणतात, गिऱ्हाइकाला कच्चं मिळालं. हिशेबाला बसलेल्या ताई म्हणतात, गेलेल्या पेट्यांचा एकच आकडा सांगा हो कोणीतरी. सगळे खरंच बोलत असतात, त्यामुळे कोणाला झापून काही सुटत नाही. एका टोळीचा माल दुसरीच्या हातात जातो तिथे घोळ होतो, आणि ती जागा कोणाच्याच जबाबदारीत नसते. मासळीचा प्लांट किंवा काजूचा कारखाना चालवणाऱ्यांनी पुढचं सगळं आपापली नावं घालून वाचावं.

सगळ्यांना वेगवेगळ्या मापाने मोजणं

ही सर्वांत महागडी चूक. काढणीच्या टोळीला पैसे क्रेटवर, पॅकहाउसला बोलणी मात्र बाद फळावरून. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, एकेक फळ देठासकट उतरवायला वेळ लागतो, आणि तो वेळ काढणीवाल्याच्या मजुरीतून जातो. मग तो घाई करतो. देठ तुटतो, चीक सालीवर ओघळतो आणि पुढे तिथे काळा डाग धरतो. ठपका बसतो भरणी करणाऱ्या बायकांवर, कारण डाग दिसतो तो त्यांच्या टेबलावर. चौदा आणे न झालेलं, म्हणजे काढण्याजोगं तयार नसलेलं, फळही याच घाईत क्रेटमध्ये शिरतं.

उलट टोकही आहेच. फळ आणखी भरू दे म्हणून झाडावर जास्त दिवस ठेवलं तर साक्याचा, म्हणजे आतला गर खराब होण्याचा, धोका वाढतो. साका बाहेरून दिसत नाही. फळ कापल्यावर कळतो, म्हणजे मुंबईत कोणाच्या तरी ताटात. तक्रार येते विक्रीकडे, ज्यांना काढणीची तारीखसुद्धा माहीत नसते.

उपाय असा: मजुरीचा थोडा भाग प्रतवारीत पास झालेल्या फळावर ठेवा. प्रत्येक क्रेटला प्लॉट, तारीख आणि टोळी लिहिलेली चिठ्ठी लावा आणि ती नोंद पेटीपर्यंत जाऊ द्या. मग साक्याची तक्रार मागे मागे नेत झाडापर्यंत पोचता येतं. आणि बाद झालेला ढीग संध्याकाळी मुकादमाला प्रत्यक्ष दाखवा. आपल्याच टोळीची डागी फळं हातात घेतली, वर ती कॅनिंगला काय भावाने जाणार हे ऐकलं, की दुसऱ्या दिवशी झेला जपून चालतो. नोटीस लावून हे होत नाही. बागेत निम्मे गडी नेपाळचे असतील तर मराठी नोटीस वाचणार तरी कोण?

आढीत काय आहे ते न बघता तारीख देणं

लग्नघरी शनिवारी ५० पेट्या हव्यात, फळ लगेच खाता आलं पाहिजे, असा फोन मंगळवारी येतो. विक्रीवाला दादा "होऊन जाईल" म्हणून मोकळा. हापूस काढल्यावर पिकायला साधारण आठ-दहा दिवस घेतो, म्हणजे शनिवारचं फळ आधीच्या आठवड्यातच उतरायला हवं होतं. आढीत, म्हणजे गवतात पिकायला घातलेला, माल असतो, पण तो दुसऱ्याला बोललेला. शेवटी त्याच्याच पेट्या इकडे वळवल्या जातात आणि एका तक्रारीच्या दोन होतात.

पॅकहाउसमध्ये एक फळा टांगा. काढणीची तारीख, किती डझन, खायला कधी येईल, त्यातलं किती बोललेलं. रोज संध्याकाळी भरायचा आणि फोटो विक्रीला पाठवायचा. फळ्यावर शिल्लक नाही तो माल विकायचा नाही. पहिला आठवडा विक्रीवाले कुरकुरतील, ऑर्डरी हातच्या जातात म्हणून. जाऊ द्या.

कागद मालाच्या मागून धावणं

युरोपला जाणारा आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटं ठेवावा लागतो, अमेरिकेला जाणाऱ्यावर विकिरण, म्हणजे किडीच्या बंदोबस्तासाठी किरणांचा मारा, करावं लागतं. ही कामं करूनही नोंद चुकली तर सगळं फुकट. मे २०२५ मध्ये विमानाने अमेरिकेत गेलेल्या भारतीय आंब्याच्या १५ खेपा तिथे नाकारल्या गेल्याच्या बातम्या आल्या. फळांत कीड सापडल्याचा मुद्दा नव्हता. विकिरणाच्या कागदपत्रांत त्रुटी असल्याचं कारण दिलं गेलं. फळ परत आणणं परवडत नसल्याने ते तिथेच नष्ट करण्याची पाळी आली.

आपल्या पातळीवर हा प्रकार फवारणीच्या डायरीत होतो. शेवटची फवारणी कधी झाली, औषध कोणतं, हे फवारणाऱ्या गड्याच्या डोक्यात असतं आणि डायरी बागेतल्या खोपटात. फवारणी आणि काढणी यांत ठरावीक दिवस जावे लागतात, पण ते मोजायचे कोणी? ज्या प्लॉटची नोंद हातात नाही त्याची गाडी गेटवर थांबवायचा अधिकार पॅकहाउसच्या सुपरवायझरला द्या. मालकाला न विचारता थांबवायचा.

सगळ्यांचा एकच व्हॉट्सअॅप ग्रुप

सुप्रभातच्या फुलांखाली ऑर्डर गाडली जाते आणि अंगठा दाखवला म्हणजे कामाला लागले असं सगळे धरून चालतात. ऑर्डर एकाच शीटमध्ये लिहा, ग्रुपवर फक्त "शीट बघा" एवढंच.

प्रत्येक गोष्ट भाऊंना विचारून

गाडीवाला भाऊंना, म्हणजे मालकाला, फोन करतो, भाऊ पॅकहाउसला, पॅकहाउस पुन्हा भाऊंना. भाऊ वाशीच्या मार्केटमधून परतताना कशेडी घाटात रेंजबाहेर गेले की इकडे टेम्पो उभा. यात भाऊंनाही थोडं बरं वाटत असतं, आपल्यावाचून पान हलत नाही म्हणून, आणि खरी अडचण तीच. रोजचे दोन-तीन निर्णय, उदाहरणार्थ गाडी किती वाजेपर्यंत थांबवायची किंवा कमी पडलेल्या पेट्या कुठल्या प्रतीतून भरायच्या, हे ठरवून खालच्या माणसांकडे सोपवा. एखादा चुकेल. चुकल्यावर चारचौघांत ओरडलात तर पुन्हा फोन सुरू होतील.

घोळ झाला की मीटिंग वाढवणं

पाच टोळ्या असतील तर आपसांतल्या जोड्या १० होतात, आठ असतील तर २८. सगळ्यांना रोज सगळ्यांसमोर बसवलं तर काढणीचा मुकादम तासभर जीएसटी ऐकत बसतो. घासाघीस कुठल्या दोन टोळ्यांत जास्त आहे ते बघा, बहुतेकदा काढणी-पॅकहाउस आणि पॅकहाउस-विक्री, आणि त्याच दोघांना संध्याकाळी दहा मिनिटं फळ्यासमोर उभं करा. खुर्च्या नकोत.

ऐन हंगामाचे नियम वेगळे न ठेवणं

कोकण रेल्वे जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लावते. वेग कमी ठेवायचाय हे माहीत असल्यामुळे आधीच सगळ्या वेळा बदलतात, गाडी रोज लेट म्हणून सोडत नाहीत. एप्रिल-मेच्या गर्दीतही ऑर्डर घ्यायची शेवटची वेळ, गाडी सुटायची वेळ आणि रोजची जास्तीत जास्त पेट्यांची मर्यादा अशीच वेगळी हवी, आणि ती सगळ्या टोळ्यांना एकाच दिवशी कळायला हवी. हे ठरवायला मोहोर येण्याआधीचे ऑक्टोबर-नोव्हेंबर बरे. एप्रिलमध्ये बैठक बोलावलीत तर निम्मे मुकादम झाडावर असतील.